स्वस्तातला पण कामाला येणारा हेल्थ इन्शुरन्स कसा निवडायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतलं कोणी पॉलिसी घ्यायला निघालं की मला ब्रोशरचा फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते, "ही घेऊ का?" मग दोन-तीन वर्षांनी क्लेम अडकला की त्याच माणसाचा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून फोन येतो. प्रश्न तेच तेच असतात म्हणून सगळे एकदा नीट लिहून काढलेत. नियम भारतातले आहेत, आयआरडीएआय म्हणजे आपल्या विमा नियामकाचे, आणि त्यातले बरेचसे २०२४ मध्ये बदललेत, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून काही ठरवू नका. मी एजंट नाही आणि कुठली कंपनी घ्या हे सांगणार नाही. प्रीमियम कमी करायचे काही मार्ग चांगले आहेत आणि काही मार्गांनी वाचवलेले पैसे क्लेमच्या दिवशी दामदुपटीने जातात, तो फरक कळावा एवढ्यासाठीच ही सगळी खटपट.

१. ऑफिसचा मेडिक्लेम आहे, मग स्वतःची पॉलिसी कशाला घ्यायची?

कारण ती पॉलिसी ऑफिसची आहे, तुमची नाही. नोकरी सुटली की कव्हर सुटलं, आणि नोकरी सुटण्याची वेळ आजारपण बघून येत नाही. दुसरं म्हणजे वय. तिशीत, काही आजार नसताना पॉलिसी सहज मिळते, पन्नाशीत शुगर निघाल्यावर तीच पॉलिसी महाग मिळते किंवा मिळतच नाही. ऑफिसचं कव्हर चांगलं असेल तर स्वतःची छोटी घ्या, पण घ्या, म्हणजे वेटिंगचं घड्याळ आत्तापासून चालू होतं (वेटिंगबद्दल प्र. ८). नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, त्यासाठी शेवटच्या दिवसाची वाट न बघता एचआरला आधीच विचारा.

२. सरकारी योजनेत ५ लाख मिळतात म्हणे, मग विकत कशाला घ्यायची?

आधी सरकारी हक्क तपासायचाच, त्यात लाज कसली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे आणि फुले योजना आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही लागू आहे. ७० वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, खासगी पॉलिसी असली तरी मिळतं. पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल आणि कंपनी ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विमा योजनेत) असेल तर तेही आहेच.

अडचण एवढीच की या योजना यादीतल्या हॉस्पिटलमध्ये आणि यादीतल्या उपचारांवर चालतात. तुमच्या जवळचं हॉस्पिटल त्या यादीत आहे का ते आजच बघून ठेवा. असेल आणि बजेट खरंच नसेल तर कार्ड काढून ठेवणं हीच पहिली पायरी, पॉलिसी नंतर.

३. २० रुपयांत विमा मिळतो ना बँकेत, तो घेतलाय, चालेल?

ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर २ लाखांपर्यंत. जरूर घ्या, पण हॉस्पिटलचं बिल ती भरत नाही.

४. बजेट कमी आहे, किती लाखांचं कव्हर घेऊ?

तुम्ही खरंच ज्या हॉस्पिटलमध्ये जाल तिथल्या बिलिंग काउंटरला जाऊन विचारा की बायपासचं, गुडघा बदलायचं पॅकेज किती आणि आयसीयूचा दिवसाचा खर्च किती, अंदाज सांगतात. तो आकडा धरा आणि वर थोडी जागा ठेवा कारण पॉलिसी पुढे वर्षानुवर्षं चालवायची आहे आणि दवाखान्याचे खर्च काही खाली येत नाहीत.

मला विचाराल तर मोठ्या शहरात एकट्या माणसाला ५ लाखांच्या खाली जाऊ नये असं वाटतं. पण ५ परवडत नसतील म्हणून काहीच घ्यायचं नाही हे सगळ्यात वाईट, ३ घ्या आणि वर सुपर टॉप-अप लावा (प्र. ७).

५. फ्लोटर घ्यावी की प्रत्येकाची वेगळी?

फ्लोटरमध्ये एकच रक्कम सगळ्यांत वाटून असते आणि प्रीमियम साधारणपणे घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. नवरा-बायको तरुण, मुलं लहान, तर फ्लोटर स्वस्त पडते. पण त्यात ६२ वर्षांचे वडील घातले की सगळ्यांचाच प्रीमियम त्यांच्या वयाने ओढला जातो, आणि मार्चमध्ये त्यांचं एक मोठं ऑपरेशन झालं की वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत तुमच्यासाठी फारसं काही शिल्लक राहत नाही. आई-वडिलांची नेहमी वेगळी ठेवा. घरात कोणाला आधीपासून मोठा आजार असेल तर त्याचीही वेगळी.

६. पॉलिसी ३ लाखांची, बिल दीड लाखाचं, तरी मला खिशातून ५० हजार का भरावे लागले?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि दर वेळी जीव तुटतो, कारण उत्तर पॉलिसीच्या एका ओळीत असतं, रूम रेंट लिमिट.

समजा पॉलिसी ३ लाखांची आणि रूमची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ३,०००. जनरल वॉर्ड भरलेला होता किंवा पेशंटला आराम पडावा म्हणून तुम्ही ६,००० ची रूम घेतली, चार दिवस. लोक म्हणतात की वरचे ३,००० गुणिले चार, १२ हजार आम्ही भरू, त्यात काय एवढं. तसं होत नाही. तुम्ही हक्काच्या दुप्पट भाड्याची रूम घेतली म्हणून सर्जनची फी, ओटी, भूल, नर्सिंग, व्हिजिट हे सगळंच त्याच प्रमाणात म्हणजे निम्मं कापलं जातं, कारण हॉस्पिटल रूमच्या दर्जाप्रमाणे ही सगळी बिलं वाढवतं. आता बिल मांडून बघा. रूमचे २४,००० त्यातले १२,००० मिळाले. सर्जन-ओटी-नर्सिंग मिळून ८०,००० त्यातले ४०,००० मिळाले. औषधं, तपासण्या वगैरे ४६,००० हे पूर्ण मिळाले कारण औषधं, तपासण्या, शरीरात बसवलेली उपकरणं आणि आयसीयूचा चार्ज यांना ही प्रमाणाची कपात लावायची नाही असा नियम आहे. एकूण बिल १,५०,०००, मिळाले ९८,०००, तुमच्या खिशातून ५२,०००. आणि वर को-पे (प्र. ७) असेल तर तो वेगळा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ज्या हॉस्पिटलमध्ये रूमप्रमाणे दर बदलतच नाहीत तिथे ही कपात करता येत नाही, तसं असेल तर हॉस्पिटलकडून लिहून घ्या. दोन, पॉलिसी घेताना रूम रेंटची मर्यादा नसलेली किंवा निदान 'सिंगल प्रायव्हेट रूम' असं लिहिलेली बघा. प्रीमियम थोडा जास्त पडतो आणि तो देण्यासारखा आहे. मर्यादा असलेली पॉलिसी आधीच असेल तर अॅडमिशनच्या वेळी काउंटरवर भाडं विचारून मर्यादेतलीच रूम मागा, लाजू नका.

७. को-पे, डिडक्टिबल, टॉप-अप, सुपर टॉप-अप... सगळं डोक्यावरून जातं. सोपं करून सांगा ना.

को-पे म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुमचा ठरलेला टक्का. २० टक्के को-पे आणि ४ लाखांचं बिल, तर ८०,००० तुमचे. बिल जितकं मोठं तितका तुमचा वाटा मोठा, म्हणून मला हा प्रकार आवडत नाही, नेमकं जेव्हा माणूस आधीच मोडलेला असतो तेव्हाच तो जास्त मागतो.

डिडक्टिबल म्हणजे आधीचे अमुक इतके रुपये तुम्ही भरायचे, त्यावरचे कंपनीने. इथे तुमचा वाटा आधीच माहीत असतो. हातात थोडी बचत असेल तर डिडक्टिबल घेऊन प्रीमियम कमी करणं हा शहाणा मार्ग आहे.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप दोन्ही डिडक्टिबलवरच चालतात, फरक मोजण्यात आहे. समजा डिडक्टिबल ३ लाख आहे आणि एका वर्षात दोनदा दाखल व्हावं लागलं, दोन्ही वेळा अडीच-अडीच लाख बिल. टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो, दोन्ही ३ लाखांच्या आत, म्हणजे तुम्हाला शून्य. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतो, ५ लाख झाले, वरचे २ लाख तो देतो. त्यामुळे घ्यायचाच तर सुपर टॉप-अप. आणि बेस म्हणजे मूळ पॉलिसी दुसऱ्या कंपनीची असली तरी चालते, ऑफिसच्या कव्हरवरही लावता येतो, अगदी बेस पॉलिसी नसली तरी मिळतो, मग डिडक्टिबलएवढे पैसे तुमच्याकडे पाहिजेत इतकंच.

८. वेटिंग पिरियड नक्की किती असतो? पॉलिसी घेतली की लगेच चालत नाही का?

तीन वेगवेगळी घड्याळं असतात. पहिले ३० दिवस कुठलाच आजार नाही, अपघात मात्र पहिल्या दिवसापासून. मग ठरावीक आजारांची यादी, मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, खडे, गर्भाशयाचं ऑपरेशन, गुडघा बदलणं अशी, त्यांना बहुतेक ठिकाणी २ वर्षं आणि नियमाने जास्तीत जास्त ३. आणि तिसरं, आधीपासूनचे आजार, त्यांनाही आता जास्तीत जास्त ३ वर्षं, एप्रिल २०२४ च्या आधी ही मर्यादा ४ वर्षं होती. काही पॉलिसीत पैसे भरून हा काळ कमी करता येतो, शुगर-बीपी असेल तर तो पर्याय हिशोब करून बघा.

९. शुगर गोळ्यांवर कंट्रोलमध्ये आहे. फॉर्ममध्ये लिहिलं तर प्रीमियम वाढेल, नाही लिहिलं तर कळणार कसं?

कळतं. दाखल झालात की ड्युटीवरचा डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, आधीपासून काही आहे का, किती वर्षं? तो कागद कंपनीकडे जातो. लपवलेलं सापडलं की क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते आणि मग पुढची पॉलिसी घेताना "आधी कुठल्या कंपनीने रद्द केली होती का" या प्रश्नाला हो लिहावं लागतं.

एजंट म्हणतो "मी भरतो फॉर्म, तुम्ही फक्त ओटीपी सांगा", तिथे थांबा. फॉर्म स्वतः भरा किंवा शेजारी बसून भरून घ्या. झालेली ऑपरेशनं, चालू गोळ्या, थायरॉइड, सगळं लिहा. प्रीमियम थोडा वाढेल, वेटिंग लागेल, पण ३ वर्षांनी तुमचा क्लेम कोणी अडवू शकणार नाही, आणि तुम्ही पॉलिसी घेताय ती त्या दिवसासाठीच ना?

याचीच उलटी बाजूही सांगते. माझ्या मामाला रात्री दोनला छातीत दुखतं म्हणून नेलं, डॉक्टरने विचारलं बीपी कधीपासून, आणि घाबरलेल्या मामीच्या तोंडून निघालं "असेल की पाच-सहा वर्षं". खरं तर बीपी दोन वर्षांपूर्वी निघालं होतं आणि पॉलिसी चार वर्षांपूर्वीची. त्या एका वाक्यावर क्लेम अडकला. नेहमीच्या डॉक्टरचं पहिल्या निदानाच्या तारखेचं पत्र आणि जुनी चिठ्ठी शोधून दिली तेव्हा सुटला, पण त्यात दोन महिने गेले. म्हणून घरातल्या प्रत्येकाचं कुठलं निदान कधी झालं हे एका कागदावर लिहून फाइलच्या वरच ठेवा आणि तोच कागद डॉक्टरला दाखवा.

१०. आरोग्य संजीवनी पॉलिसी स्वस्त दिसतेय, घेऊ का?

ही एप्रिल २०२० पासूनची स्टँडर्ड पॉलिसी, सगळ्या कंपन्यांत अटी सारख्याच, त्यामुळे तुलना फक्त प्रीमियम आणि सर्व्हिसची करायची, डोक्याला ताप नाही. पहिल्यांदाच घेणाऱ्याला बरी. पण स्वस्त का आहे ते कळू द्या: प्रत्येक क्लेमवर ५ टक्के को-पे, रूमला रकमेच्या २ टक्के पण रोज जास्तीत जास्त ५,०००, आयसीयूला ५ टक्के पण जास्तीत जास्त १०,०००, मोतीबिंदूला एका डोळ्यामागे रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० यातलं जे कमी असेल ते. क्लेम न केलेल्या प्रत्येक वर्षाला ५ टक्के बोनस, म्हणजे कव्हरची रक्कम तेवढी वाढते, ५० टक्क्यांपर्यंत.

छोट्या गावात, जिथे चांगली रूम ५,००० च्या आत मिळते, तिथे ही पॉलिसी मला खरंच आवडते. महानगरातल्या मोठ्या हॉस्पिटलसाठी नाही, कारण प्र. ६ मधली कपात इथेही लागते.

११. मग प्रीमियम कमी करायचे चांगले मार्ग कोणते?

लवकर घ्या, हा पहिला. छोटा बेस अधिक सुपर टॉप-अप, हा दुसरा आणि बहुतेकांना सगळ्यात जास्त पैसे वाचवणारा. परवडणारी डिडक्टिबल घ्या. दोन-तीन वर्षांचा प्रीमियम एकदम भरला तर सूट मिळते आणि मधल्या काळात दर वाढला तरी तुम्हाला लागत नाही. मॅटर्निटी, ओपीडी, वर्षाचा चेकअप असली गोड दिसणारी अॅड-ऑन (जादा पैसे भरून जोडायची कव्हर) खरंच वापरणार असाल तरच घ्या, मॅटर्निटीला तर बरेचदा स्वतःचं वेगळं लांब वेटिंग आणि छोटी मर्यादा असते, हिशोब करा.

झोनचा मार्ग मधला आहे. काही कंपन्या शहराप्रमाणे दर लावतात, छोट्या शहराचा पत्ता असेल तर प्रीमियम कमी. पण मोठ्या शहरात उपचार घेतला तर काही पॉलिसींत को-पे लागतो, आणि गंभीर आजाराला माणूस शेवटी मोठ्या शहरातच जातो. ती अट वाचूनच घ्या.

आणि रूमची मर्यादा, आजार लपवणं, आई-वडिलांना ५० टक्के को-पेच्या पॉलिसीत बसवणं, या तीन प्रकारे पैसे वाचवू नका, हात जोडून सांगते.

१२. जीएसटी गेला ना? आणि टॅक्समध्ये किती वाचतात?

हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर, फ्लोटर आणि सीनियर सिटिझनच्यासुद्धा, जीएसटी शून्य आहे, आधी १८ टक्के होता. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीला ही सूट नाही.

प्रीमियमवरची टॅक्सची वजावट (८०डी म्हणून ओळखली जाणारी) फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. स्वतः, जोडीदार आणि मुलांसाठी २५,००० पर्यंत, आई-वडिलांसाठी आणखी २५,००० आणि ते ६० च्या पुढे असतील तर ५०,०००. प्रीमियम रोख भरला तर वजावट नाही. नवी प्रणाली घेतली असेल तर टॅक्ससाठी म्हणून पॉलिसी घेऊ नका, आजारपणासाठी घ्या.

१३. आई ६७ ची आहे, आता कोण पॉलिसी देणार?

६५ नंतर देताच येत नाही असं काही नाही, २०२४ पासून कंपन्यांनी सगळ्या वयांसाठी काहीतरी ठेवायचं आहे. पण देणं-न देणं तब्येत बघून ठरतं आणि प्रीमियम जड असतो, हे खरं. को-पे नसलेली मिळाली तर उत्तम, मिळत नसेल तर २० टक्क्यांपर्यंतचा मी समजू शकते. ६० च्या पुढच्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आयआरडीएआयशी आधी बोलावं लागतं, हा जानेवारी २०२५ चा नियम आहे.

कोणीच दिली नाही तर तेवढेच पैसे दर महिन्याला आईच्या नावाने वेगळे ठेवा, फुले योजनेचं बघून ठेवा आणि ७० व्या वाढदिवसाला वय वंदना कार्ड काढा (प्र. २).

१४. कंपनी कशी निवडू? सगळे ९५ टक्के, ९८ टक्के सेटलमेंट सांगतात.

त्या टक्क्यात शंभरापैकी किती क्लेम दिले एवढंच कळतं, दिलेल्या क्लेममध्ये बिलाचे किती पैसे मिळाले ते कळत नाही. प्र. ६ मधला ९८,००० वाला क्लेमसुद्धा 'सेटल' मध्येच मोजला जातो! म्हणून आयआरडीएआयच्या वार्षिक अहवालात क्लेमच्या रकमेचं काय झालं ते बघा आणि विमा लोकपालांच्या (विम्याच्या तक्रारी सोडवणारे अधिकारी, प्र. २५) अहवालात कंपनीविरुद्ध किती तक्रारी गेल्यात तेही. सगळ्यात सोपा उपाय मात्र हा की जवळच्या दोन-तीन हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर जा आणि तिथल्या माणसाला विचारा की कुठल्या कंपनीची मंजुरी पटकन येते आणि कुठली रडवते. तो रोज तेच करतो, त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

१५. पॉलिसी आली घरी. आता काय बघायचं?

नाव, जन्मतारीख, आणि सोबत आलेली प्रपोजल फॉर्मची, म्हणजे तुम्ही भरलेल्या अर्जाची कॉपी. तुम्ही सांगितलेले आजार त्यात लिहिलेत ना? नसतील तर लगेच ईमेल करा. मग कस्टमर इन्फर्मेशन शीट वाचा, दोन-तीन पानांत रूम, को-पे, वेटिंग सगळं असतं आणि ती मागितली तर आपल्या भाषेतही द्यावी लागते. पटली नाही तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, आधी ही मुदत १५ दिवस होती.

१६. रिन्यूअलची तारीख चुकली! सगळं गेलं का?

वर्षाचा हप्ता असेल तर ३० दिवस, महिन्याचा असेल तर १५ दिवस ग्रेस म्हणजे जादा मुदत असते, त्यात भरलं तर वेटिंगचे जुने दिवस वाया जात नाहीत. पण वर्षाची पॉलिसी संपून गेली असेल तर मधल्या दिवसांत आलेल्या आजारपणाचा क्लेम मिळेल असं धरून चालू नका. ऑटो-पे लावा आणि कार्ड बदललं की तेही बदला.

१७. एकदा मोठा क्लेम केला तर पुढच्या वर्षी नाही म्हणतील का?

क्लेम केला म्हणून रिन्यूअल नाकारता येत नाही आणि फक्त तुमच्यापुरता प्रीमियमही वाढवता येत नाही. वय पुढच्या टप्प्यात गेलं किंवा त्या पॉलिसीचा दर सगळ्यांसाठीच वाढला तर वाढतो. जमलेला बोनस मात्र पॉलिसीप्रमाणे कमी होऊ शकतो.

१८. आत्ताची कंपनी आवडत नाही, पोर्ट केलं म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेली तर वेटिंग पुन्हा पहिल्यापासून?

नाही, झालेली वर्षं सोबत येतात, पण जुन्या रकमेपुरतीच (बोनससकट). ५ लाखांवरून १० लाखांवर गेलात तर वरच्या ५ लाखांना नवं वेटिंग. अर्ज रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी करा. आणि नवी कंपनी तब्येत बघून नाही म्हणू शकते, म्हणून तिचा होकार लेखी येईपर्यंत जुनी बंद पडू देऊ नका. लोक इथेच दोन्हीकडून लटकतात.

१९. कॅशलेसला मंजुरी यायला दिवस-दिवस लावतात, काही नियम आहे का?

आहे. कॅशलेस म्हणजे बिल कंपनी थेट हॉस्पिटलला देते. दाखल होतानाच्या कॅशलेसचा निर्णय तासाभरात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची असते. उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे, हे मे २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. डेस्कवर शांतपणे ही तारीख सांगितली तरी फरक पडतो.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही. बिल भरून, सगळे मूळ कागद घेऊन नंतर रीइंबर्समेंट मागता येते. नेटवर्कबाहेरच्या (कंपनीशी करार नसलेल्या) हॉस्पिटलातही आता कॅशलेस मागता येतं, ठरवून ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी आणि इमर्जन्सी असेल तर दाखल झाल्यापासून ४८ तासांत कळवायचं, पण ते हॉस्पिटल तयार पाहिजे.

२०. ग्लोव्ह्ज, मास्क, क्रेप बँडेज... याचे पैसे का कापतात?

नियामकाची ६८ वस्तूंची यादी आहे, त्यात हे सगळं येतं, ते साध्या पॉलिसीत मिळत नाही. मोठ्या ऑपरेशनला ही रक्कम जाणवते. 'कन्झ्युमेबल्स कव्हर' नावाचं अॅड-ऑन बहुतेक कंपन्या देतात, अॅड-ऑनपैकी मी सांगेन असं हे एकच.

२१. दोन दिवस दाखल होतो, तरी "दाखल व्हायची गरज नव्हती" म्हणून नाकारलं. असं कसं?

नुसत्या तपासण्यांसाठी दाखल होणं पॉलिसीत बसत नाही, आणि डिस्चार्ज पेपरवर सलाइन-इंजेक्शन काहीच दिसत नसेल तर कंपनी हेच कारण लावते. डॉक्टरांकडून दाखल का केलं, घरी उपचार का शक्य नव्हते याचं पत्र घ्या आणि नर्सिंग चार्टची कॉपी जोडा. उलट मोतीबिंदू, डायलिसिस, केमो अशा डे-केअर उपचारांना २४ तास राहायची अटच नाही.

२२. ऑफिसची आणि स्वतःची अशा दोन पॉलिसी आहेत, दोन्हीकडून पैसे मिळतील?

बिलापेक्षा जास्त नाही मिळणार. आधी कुठली वापरायची हे तुम्ही ठरवायचं. ऑफिसची आधी वापरा म्हणजे तुमच्या पॉलिसीचा बोनस शाबूत राहतो, उरलेली रक्कम दुसरीतून मागा. पहिल्या कंपनीकडून सेटलमेंट लेटर आणि बिलांच्या शिक्का मारलेल्या कॉपी घेतल्याशिवाय मूळ कागद सोडू नका.

२३. ५ वर्षं पूर्ण झाली की कंपनी काहीच नाकारू शकत नाही, खरं का?

अर्धं खरं. सलग ६० महिने झाल्यावर "तुम्ही अमुक आजार सांगितला नव्हता" या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, मुद्दाम केलेली फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण पॉलिसीत जे मुळातच वगळलंय, को-पे, रूमची मर्यादा, ते सगळं तसंच राहतं. मध्ये रक्कम वाढवली असेल तर वाढीव रकमेचे ६० महिने तेव्हापासून मोजायचे. हे ऐकून "५ वर्षं लपवून काढू" असा विचार येत असेल तर पुन्हा प्र. ९ वाचा, आजारपण ५ वर्षं थांबेल याची हमी कोण देणार?

२४. मानसिक आजार, आयुर्वेद यांना कव्हर असतं का?

मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यावं लागतं, दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना. आयुर्वेद, होमिओपॅथीचंही तसंच, मान्यताप्राप्त रुग्णालयात दाखल झालात तर. नुसती पंचकर्माची सुट्टी त्यात येत नाही.

२५. क्लेम चुकीच्या कारणाने नाकारलाय, आता वकील लावू का?

आधी नाही. नकार लेखी घ्या, त्यात पॉलिसीचं कुठलं कलम लावलंय ते लिहिलेलं पाहिजे, आणि कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय नाकारायचंच नाही असा आता नियम आहे, तिने बघितलं का ते विचारा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते बघतात, फी नाही, वकील लागत नाही, ऑफिस मुंबईत आणि पुण्यात दोन्हीकडे आहे. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायचं.

तिथे जाताना तारखांचा एक साधा कागद करा, पॉलिसी कधी घेतली, निदान कधी, दाखल कधी, नकार कधी, आणि प्रत्येक तारखेमागे कुठला कागद आहे त्याचा नंबर टाका. मामाच्या वेळी मी हाच कागद तयार ठेवला होता, लोकपालापर्यंत जायची वेळ आली नाही, तक्रार निवारण अधिकाऱ्यालाच तो पाठवला आणि आठव्या दिवशी पैसे जमा झाले.